ट्रॅक्टर-एंजिनातील तेलपातळी

ट्रॅक्टर-एंजिनातील तेलपातळी : ट्रॅक्टरच्या एंजिनाच्या तळाशी असलेल्या कुंडीत साठविलेल्या वंगणतेलाची उंची. ही पातळी ठरलेल्या दोन मर्यादांच्या दरम्यान राखणे हे ट्रॅक्टरच्या देखभालीतील सर्वांत साधे काम होय. त्यास दिवसातून चार-पाच मिनिटे पुरतात आणि एका चिंधीखेरीज कोणतेही साधन लागत नाही. ते टाळल्यास मात्र भुजादंड व त्याचे धारवे निकामी होऊन ट्रॅक्टर ऐन हंगामात उभा राहतो. तेल कमी दिसताच ते भरणे एवढाच या तपासणीचा हेतू नाही. पातळी का बदलली याचा शोध घेणे हा तिचा खरा हेतू होय. झिजलेल्या जुन्या एंजिनात पातळी उतरणे आणि पातळी चढणे ही दोन्ही बिघाडाची लक्षणे असतात. यांपैकी चढणे हे अधिक धोक्याचे असूनही त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

भारतातील जुने ट्रॅक्टर : भारतात ट्रॅक्टरांचे उत्पादन १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर ट्रॅक्टरापासून सुरू झाले. त्यानंतर चेन्नई येथे मॅसी फर्ग्युसन, मुंबईतील कांदिवली येथे इंटरनॅशनल बी-२७५, पिंजोर येथे झेटॉरच्या रचनेवर आधारलेला एचएमटी (१९७१) आणि पंजाबात स्वराज ७२४ (१९७४) हे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. सु. २५ ते ३५ अश्वशक्तीच्या या पिढीतील अनेक यंत्रे दोन-तीन वेळा दुरुस्त होऊन आजही कामात आहेत. त्यांची एंजिने मंदगती, दणकट व दुरुस्तीस सोपी असतात. तेलपातळी धोक्याच्या मर्यादेखाली जाताच सूचना देणारी यंत्रणा मात्र त्यांत नसते. चालकाची नजर व मापकाठी हीच तेथे सूचना देणारी साधने होत.

तेलाचे कार्य व अभिसरण : कुंडीला कारागीर ‘चेंबर’ म्हणतात. तीन सिलिंडरांच्या सु. ३५ अश्वशक्तीच्या डीझेल एंजिनाच्या चेंबरात साधारणतः ६ ते ८ लिटर तेल मावते. भुजादंडाकडून गती मिळणारा पंप जाळीतून हे तेल शोषून घेतो, गाळणीतून पुढे लोटतो आणि एंजिनाच्या ठोकळ्यात कोरलेल्या मार्गांनी भुजादंडाच्या व कॅमदंडाच्या धारव्यांपर्यंत आणि झडपांच्या दोलकांपर्यंत पोहोचवितो. सिलिंडराच्या भिंतींवर ते मुख्यतः फिरत्या भुजादंडाच्या धारव्यांतून उडणाऱ्या तुषारांनी पसरते. भुजादंड आणि धारवा यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. दंड फिरत असताना त्याचा सर्व भार हा थरच पेलतो व धातूचा धातूला स्पर्श होऊ देत नाही. घर्षण कमी करण्याबरोबरच तेल उष्णता वाहून नेते, दट्ट्याच्या कड्यांची फट भरून दाब राखण्यास मदत करते, काजळी स्वतःत धरून ठेवते आणि गंजापासून संरक्षण देते. चेंबरातील तेल निम्मे झाले की उरलेल्या तेलाला तीच उष्णता व तीच काजळी सोसावी लागते, त्यामुळे ते लवकर खराब होते. म्हणजेच, पंपाला पुरेसे तेल मिळत असले, तरी कमी पातळीचे दुष्परिणाम त्यापूर्वीच सुरू झालेले असतात.

दाबमापक व पातळी : चालकासमोरील तेलदाबमापकाचा काटा योग्य जागी असला म्हणजे तेल पुरेसे आहे, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. दाबमापक पंपाने निर्माण केलेला दाब दाखवितो, साठा दाखवीत नाही. मॅसी फर्ग्युसन ३५ मधील पर्किन्स रचनेच्या एंजिनात पूर्ण वेगाला व नेहमीच्या तापमानाला सु. २·१ ते ४·२ किग्रॅ./चौ. सेंमी. (दर चौ. इंचास ३० ते ६० पौंड) दाब असावा लागतो. पंपाची जाळी तेलात बुडालेली असेपर्यंत, चेंबर अर्धा रिकामा झाला तरी, हा दाब कायम राहू शकतो. नांगरणी करताना एका बाजूची चाके तासात असल्याने ट्रॅक्टर कलता चालतो आणि बांधावर वा उतारावर तो अधिक कलतो. अशा वेळी तेल एका बाजूस जाते, जाळी उघडी पडते व पंप हवा ओढतो. काटा एकदम खाली येतो, परंतु तोपर्यंत धारव्यांतील तेलाचा थर तुटलेला असू शकतो. काटा पडलेला दिसताच एंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. काम उरकून मग पाहू, असे म्हटल्यास धारवे वितळून भुजादंडाला चिकटतात.

पातळी मोजण्याची रीत : पातळी पाहण्यास सर्वांत योग्य वेळ म्हणजे सकाळी एंजिन सुरू करण्यापूर्वीची होय. रात्रभरात वरच्या भागांतील सर्व तेल चेंबरात उतरलेले असते. दिवसा तपासणी करावयाची झाल्यास एंजिन बंद करून किमान दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून अवजार जमिनीवर टेकवितात, हातब्रेक ओढतात व चाकांना उटी लावतात. शेतातील जमीन सपाट भासली, तरी ती बहुधा तशी नसते. म्हणून शक्यतो रोज एकाच जागी, एकाच दिशेस तोंड करून ट्रॅक्टर उभा करणे चांगले. असे केल्याने जागेचा दोष रोज सारखाच राहतो आणि पातळीतील खरा फरक ओळखता येतो.

मापकाठी, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील डिपस्टिक, काढण्यापूर्वी तिच्या भोवतालची धूळ व भुसा पुसून घेतात. काठी बाहेर काढून स्वच्छ चिंधीने कोरडी करतात, तळापर्यंत पूर्ण आत घालतात व पुन्हा काढून वाचतात. पहिल्या वेळचे वाचन विश्वसनीय नसते, कारण नळीच्या आतील बाजूचे तेल काठीला लागलेले असते. काठीच्या दोन्ही बाजूंवरील खुणा पाहून त्यांत फरक आढळल्यास खालचे वाचन खरे मानतात. तेलाची रेघ वरच्या व खालच्या खुणांच्या दरम्यान, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावी. रोजची वाचने एकाच तापमानाला घेणे इष्ट असते. तेल दर अंश सेल्सिअसला सु. ०·०७ टक्क्याने प्रसरण पावते. त्यामुळे ७ लिटर तेलाचे तापमान ६० अंशांनी वाढल्यास त्याचे घनफळ पाव लिटरहून थोडे अधिक वाढते. सकाळचे व दुपारचे वाचन यांची तुलना केल्यास हा फरक तेल घटल्याचा वा वाढल्याचा आभास निर्माण करतो.

काही फार जुन्या यंत्रांत मापकाठी नसते. फोर्डसन ट्रॅक्टराच्या १९१७ पासून बनविलेल्या नमुन्यात चेंबराच्या बाजूला एकीखाली एक अशा दोन लहान तोट्या असत. वरच्या तोटीतून तेल आल्यास पातळी पूर्ण, केवळ खालच्या तोटीतून आल्यास पुरेशी आणि खालच्या तोटीतूनही न आल्यास ती अपुरी मानत. तोटीत गाळ साचल्यास तेल असूनही ते बाहेर येत नाही. म्हणून तोटी तारेने मोकळी करून मगच निष्कर्ष काढावा लागतो.

ट्रॅक्टरवर एंजिनाखेरीज तेलाची इतरही ठिकाणे असतात व त्यांची गल्लत होऊ शकते. गीअरपेटी व अवजार उचलणारी द्रवचालित यंत्रणा यांच्या तेलाला स्वतंत्र मापकाठी असते. एका ओळीत घटक असलेल्या जुन्या अंतःक्षेपण पंपांपैकी अनेकांत स्वतःचे वंगणतेल असते व त्याची पातळी वेगळी पाहावी लागते. याउलट, फिरत्या वितरकाच्या प्रकारचे पंप त्यांतून वाहणाऱ्या डीझेलनेच वंगित होतात. तेलकुंड असलेल्या हवा-गाळणीच्या वाटीतही खुणेपर्यंत तेल ठेवावे लागते. या वाटीची उपेक्षा झाल्यास मळणीतील व उन्हाळी नांगरटीतील धूळ थेट सिलिंडरात जाते आणि दट्ट्याच्या कड्या झपाट्याने झिजतात. एंजिन तेल ‘खाऊ’ लागण्याचे मूळ अनेकदा या वाटीत सापडते.

मापकाठीची पडताळणी : जुना ट्रॅक्टर अनेक हातांतून गेलेला असतो. मूळ काठी हरवून दुसऱ्या एंजिनाची काठी बसविलेली असणे, तिचे टोक तुटलेले असणे किंवा ती बसण्याचा कंगोरा सरकलेला असणे या गोष्टी नेहमी आढळतात. अशी काठी रोज पाहूनही उपयोग होत नाही. तेलबदलाच्या वेळी तिची पडताळणी सहज करता येते. सर्व तेल काढून टाकल्यावर माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाचे तेल मोजून भरतात, एंजिन काही मिनिटे चालवून बंद करतात व थोडा वेळ थांबून काठी पाहतात. गाळणीत राहणारे तेल चेंबराच्या मापात धरले आहे किंवा नाही, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे लागते. रेघ वरच्या खुणेवर आली नाही, तर काठीवर योग्य ठिकाणी कानशीने नवी खूण करणे सोयीचे ठरते. त्याच वेळी खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत किती तेल लागते हेही मोजून ठेवल्यास पुढे अंदाजाने तेल ओतण्याचा प्रसंग येत नाही.

तेलाची निवड : एंजिनतेलाची श्यानता एसएई अंकांनी दर्शवितात. १००° से. तापमानाला एसएई ३० तेलाची शुद्धगतिक श्यानता ९·३ ते १२·५ आणि एसएई ४० तेलाची १२·५ ते १६·३ चौ. मिमी. प्रती सेकंद या मर्यादांत असते. जुन्या पुस्तिकांत ऋतुमानानुसार वेगवेगळ्या अंकांची एकश्रेणी तेले सुचविलेली असतात. १५डब्ल्यू-४० यासारखे बहुश्रेणी तेल थंडीत लवकर वाहते व उष्ण स्थितीत ४० अंकाइतके दाट राहते. त्यामुळे ते बहुतेक अशा एंजिनांत वर्षभर चालते. गुणवत्तेच्या एपीआय वर्गीकरणात जुन्या पुस्तिकांतील सीसी व सीडी हे वर्ग आता कालबाह्य झाले असून डीझेल एंजिनांसाठी सीआय-४ (२००२) यांसारखे नंतरचे वर्ग वापरात आहेत. नवी तेले अधिक प्रक्षालक असतात. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या, आत गाळाचे थर साचलेल्या एंजिनात असे तेल घातल्यास थर सुटून गाळणी व तेलमार्ग तुंबू शकतात. अशा वेळी चेंबर उतरवून आतील गाळ काढणे आणि पहिले एक-दोन तेलबदल व गाळणीबदल लवकर करणे आवश्यक असते.

तेलाचा खप कमी व्हावा म्हणून एंजिनात गीअरतेल घालण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. तो हानिकारक आहे. गीअरतेलावरील ९० हा अंक वेगळ्या मोजपट्टीवरील असून ते तेल एसएई ४० एंजिनतेलाच्या दुपटीहून अधिक दाट असते असे नव्हे. शिवाय त्यातील गंधक व फॉस्फरसयुक्त समावेशके धारव्यांतील तांबेयुक्त मिश्रधातूंना अपायकारक ठरू शकतात आणि काजळी धरून ठेवण्याचा गुण त्यात नसतो. अडचणीच्या वेळी त्याच अंकाचे व वर्गाचे दुसऱ्या कंपनीचे एंजिनतेल मिसळणे हे तेलाविना एंजिन चालविण्यापेक्षा केव्हाही बरे.

तेल भरण्याची रीत : भरणतोंडाचे झाकण काढण्यापूर्वी ते व त्याच्या भोवतालचा भाग पुसून घेतात. नरसाळे व माप कोरडे आणि स्वच्छ असावे. धुळीने माखलेल्या नरसाळ्यातून गेलेली वाळू गाळणीपूर्वीच पंपाचे दाते खरवडते. तेल एकदम न ओतता सु. पाव लिटर या प्रमाणात ओततात, काही मिनिटे थांबतात व काठी पुन्हा पाहतात. रेघ वरच्या खुणेस पोहोचण्यापूर्वीच थांबणे चांगले. शेवटी झाकण घट्ट बसवून एंजिन चालवितात, दाबमापक व गळती पाहतात आणि एंजिन बंद केल्यावर पातळीची खात्री करून घेतात.

थोडे जास्त तेल असलेले बरे, हाही एक गैरसमज होय. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर गेल्यास भुजादंडाच्या भुजा तेलात आपटतात व तेल फेसाळते. फेसात हवा असल्याने पंपाकडून धारव्यांना अखंड थर मिळत नाही. तेल तापते, ऑइल सीलांवर ताण येऊन गळती सुरू होते आणि सिलिंडरात अधिक तेल चढून निळा धूर येतो. झिजलेल्या डीझेल एंजिनात याहून गंभीर प्रकार घडू शकतो. वर चढलेले तेल हेच इंधन ठरून एंजिनाचा वेग आपोआप वाढत जातो व इंधनपुरवठा बंद केला तरी ते थांबत नाही. म्हणून जास्तीचे तेल निचरा-बुचातून काढून टाकणे हाच उपाय आहे.

पातळी उतरण्याची कारणे : प्रत्येक एंजिन थोडे तेल जाळतेच. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचणीत इंधनाबरोबर वंगणतेलाचा खपही मोजतात. तेलाचा खप इंधनाच्या खपाच्या सु. १ टक्क्याच्या आत असावा, हे प्रमाण वापरणाऱ्यालाही उपयोगी पडते. ताशी ३ लिटर डीझेल जाळणारा ट्रॅक्टर दिवसात १० तास चालल्यास ३० लिटर डीझेल लागते. त्या मानाने दिवसाला ३०० मिलि. तेल ही वरची मर्यादा झाली. खप याहून वाढल्यास कारण शोधणे भाग पडते. भार येताच सतत निळा धूर आणि भुजापेटीच्या श्वासनळीतून जोराने वाफारा येत असल्यास दट्ट्याच्या कड्या व लायनर झिजले आहेत, असे समजतात. बराच वेळ मंद चालल्यानंतर वेग वाढविताच धुराचा लोट येत असल्यास झडपांचे मार्गदर्शक झिजलेले असण्याचा संभव असतो. धूर नसून तेल घटत असल्यास गळती शोधावी लागते.

गळतीचे एक ठिकाण सहसा दिसत नाही. भुजादंडाच्या मागील टोकाचे सील गेल्यास तेल क्लचच्या पेटीत उतरते व क्लच घसरू लागतो. फर्ग्युसन व फोर्ड घराण्यातील अनेक ट्रॅक्टरांत या पेटीच्या तळाशी एक छिद्र ठेवून त्यात सैल कोटर पिन अडकविलेली असते. ट्रॅक्टर चालताना पिन हलते व छिद्र मोकळे राहते. तेथून काळे तेल ठिबकल्यास ते एंजिनाचे आणि मधाच्या रंगाचे ठिबकल्यास बहुधा गीअरपेटीचे असते. छिद्र चिखलाने बुजल्यास ही सूचना मिळत नाही.

पातळी चढण्याची कारणे : तेल न भरता पातळी वाढली असेल, तर चेंबरात तेलाखेरीज दुसरा द्रव आला आहे, असाच त्याचा अर्थ होतो. हा द्रव बहुधा डीझेल किंवा पाणी असतो. एंजिनाच्या बाजूस बसविलेल्या इंधनपुरवठा पंपाचे पटल फाटणे, अंतःक्षेपण पंपाच्या दंडावरील सील जाणे किंवा अंतःक्षेपक ठिबकत राहून न जळलेले इंधन सिलिंडराच्या भिंतीवरून खाली उतरणे यांमुळे डीझेल तेलात मिसळते. असे तेल बोटांवर पाण्यासारखे पातळ लागते व त्यास डीझेलचा वास येतो. थोड्या डीझेलनेही श्यानता पुष्कळ घटते. मापकाठीवर पातळी भरपूर दिसते, पण धारव्यांतील थर भार पेलू शकत नाही.

पाणी सिलिंडरशीर्षाच्या गॅस्केटमधून, लायनरच्या तळाच्या रबरी कड्यांतून किंवा ठोकळ्याच्या तड्यातून येते. त्याच वेळी रेडिएटरातील पाणी घटत जाते व तेल दुधी, चॉकलेटी दिसते. उभी धूरनळी उघडी राहिल्यास पावसाचे पाणीही सिलिंडरात व तेथून चेंबरात उतरू शकते. नळीवर रिकामा डबा पालथा घालण्याची शेतकऱ्यांची पद्धत या दृष्टीने योग्य आहे. रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी निचरा-बूच किंचित सैल केल्यास तळाशी बसलेले पाणी प्रथम बाहेर येते. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब टाकल्यास व तो तडतडल्यास त्यात पाणी आहे हे सिद्ध होते. थंडीच्या दिवसांत थोडा वेळच चालणाऱ्या एंजिनाच्या भरण-झाकणाखाली जमणारी पांढरट साय मात्र बहुधा हवेतील बाष्पाची असते. काठीवरील तेल स्वच्छ असल्यास ती गळतीचे लक्षण ठरत नाही. डीझेल वा पाणी आढळल्यास कारण दूर करून सर्व तेल व गाळणी बदलेपर्यंत एंजिन चालवू नये. सिलिंडरात पाणी साचले असताना एंजिन फिरविल्यास संयोगदांडा वाकू शकतो.

या दोन्ही बिघाडांचा एकत्र परिणाम विशेष फसवा असतो. कड्या झिजल्याने तेल जळत जाते व पटल फाटल्याने तितकेच डीझेल आत येते. काठीवरील रेघ आठवडेच्या आठवडे जागची हलत नाही आणि मालक समाधानी राहतो. म्हणून निळा धूर सोडणाऱ्या जुन्या एंजिनाला कधीच तेल लागत नसेल, तर ते सुचिन्ह न मानता तेलाचा वास व दाटपणा पाहिला पाहिजे. तेल काळे होणे हे मात्र डीझेल एंजिनात दोषाचे लक्षण नाही. काजळी तेलाने धरून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

नोंद व तेलबदल : प्रत्येक वेळी भरलेले तेल, तारीख व तासमापकावरील आकडा एका वहीत लिहून ठेवणे हा बिघाड लवकर ओळखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही, पण हंगामाच्या आरंभी व अखेरीस दर १० तासांना लागलेले तेल ताडून पाहिल्यास झिजेची गती कळते आणि दुरुस्ती सुगीनंतर सवडीने करता येते. वरचेवर तेल भरले म्हणून तेलबदल टाळता येत नाही. भरलेल्या ताज्या तेलाने आधीची काजळी व आम्ले नाहीशी होत नाहीत. जुन्या एंजिनांत पुस्तिकेनुसार साधारणतः १०० ते २५० तासांनी सर्व तेल बदलतात. ते एंजिन गरम असताना काढल्यास गाळही त्याबरोबर निघून जातो.

काढलेल्या तेलास ग्रामीण भागात ‘जळके तेल’ म्हणतात. ते लाकडाला फासणे, जमिनीवर ओतणे किंवा जनावरांच्या अंगाला लावणे अयोग्य आहे. त्यात धातूंचे कण व ज्वलनातून आलेली हानिकारक कार्बनी संयुगे असतात आणि त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास ती अपायकारक ठरतात. भारतात २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक अपशिष्टांत मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत संकलकाकडे किंवा कार्यशाळेकडे सोपविल्यास त्यावर पुनःप्रक्रिया होऊ शकते. विहिरीच्या काठावर ट्रॅक्टर उभा करून तेल बदलण्याची सवय मात्र तत्काळ सोडली पाहिजे, कारण जमिनीत मुरलेले तेल पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचते.